सोळाशे डस्टचा हिशेब

रविवारी दुपारी जेवणं उरकली, हात पुसून होत नाहीत तोवर मामेभावाने मोबाइल पुढे केला. "दादा, ही बनवू का?" स्क्रीनवर हार्थस्टोनमधलं एक कार्ड होतं. लेजंडरी, नव्या संचातलं, नऊ मानाचं. आदल्या रात्री एका स्ट्रीमरने हेच कार्ड टाकून हरलेला डाव फिरवला होता आणि तेव्हापासून या पोराला चैन नव्हती. कोपऱ्यात त्याच्या डस्टचा आकडा दिसत होता : १,६४०. लेजंडरीला लागतात १,६००.

दादाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. लॅपटॉप उघडून त्याने एक एक्सेल शीट समोर ठेवली. दादा ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे शीट निघाल्याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. २०१४ मध्ये हा खेळ आला तेव्हापासून त्याने बनवलेलं प्रत्येक एपिक आणि लेजंडरी कार्ड तिथे नोंदवलेलं आहे : तारीख, डस्ट, किती महिने डेकमध्ये राहिलं. शेवटच्या रकान्याचं नाव 'पश्चात्ताप'. त्यात फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लिझर्ड एंटरटेनमेंटचा हार्थस्टोन मार्च २०१४ मध्ये अधिकृतपणे सुरू झाला. प्रत्येकाचा डेक तीस कार्डांचा. एकच कार्ड फार तर दोनदा घेता येतं, लेजंडरी मात्र एकदाच. कार्ड टाकायला 'माना' नावाची ऊर्जा लागते, ती दर खेपेला एकाने वाढते. कार्डं पॅकमधून मिळतात, एका पॅकमध्ये पाच, आणि पॅकची किंमत खेळात कमावलेली १०० नाणी किंवा खरे पैसे. नको असलेलं कार्ड मोडलं की त्याची डस्ट होते, त्या डस्टमधून हवं ते कार्ड बनवता येतं. कॉमन बनवायला ४०, रेअरला १००, एपिकला ४००, लेजंडरीला १,६००. मोडताना हातात येतात अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४००.

खरी गोम या मोडीच्या दरात आहे. सोनाराकडे दागिना मोडायला नेला तर घडणावळ जाते, थोडी घट धरतात, पण सोनं सोन्याच्या भावाने परत येतं. इथे लेजंडरी मोडली तर चार आण्यांवर बोळवण होते. रेअर मोडलं तर पाचवा हिस्सा, कॉमन मोडलं तर आठवा. मामेभावाने त्या १,६४० पैकी १,६०० जमवण्यासाठी आदल्याच रात्री चार जुन्या लेजंडऱ्या मोडल्या होत्या, हे दोन-तीन प्रश्न विचारल्यावर बाहेर आलं. दादा हळहळला, पण बोलला नाही. मोडलेलं परत येत नाही.

मग पॅक फोडत राहावं आणि नशिबाने कार्ड मिळायची वाट बघावी, असं कुणी म्हणेल. त्याचाही हिशेब दादाने मांडून ठेवला आहे. २०१७ मध्ये चीनमध्ये असा नियम आला की पॅकमधून काय मिळण्याची शक्यता किती, हे कंपन्यांनी जाहीर करावं. त्यामुळे कळलं की सरासरी वीस पॅकमागे एक लेजंडरी निघते आणि पाच पॅकमागे एक एपिक. (त्यानंतर चीनमध्ये कंपनीने पैसे घेऊन डस्ट विकायला सुरुवात केली आणि पॅक 'भेट' म्हणून दिले. पळवाट काढावी तर अशी!) आता एखाद्या संचात २३ लेजंडऱ्या आहेत असं धरू. 'अनगोरो'च्या संचात तेवढ्याच होत्या. एकदा आलेली लेजंडरी सगळ्या मिळेपर्यंत पुन्हा येत नाही, म्हणजे हवी ती सरासरी बाराव्या खेपेला हाती लागेल. बारा गुणिले वीस, २४० पॅक, २४,००० नाणी. सोळाशे डस्ट महाग वाटते ती हा आकडा बघेपर्यंतच.

म्हणून बनवायचं की नाही, हा प्रश्नच नसतो. काय बनवायचं आणि कधी, एवढंच ठरवायचं असतं.

शीटमधली पहिली मोठी नोंद जानेवारी २०१५ ची आहे : डॉ. बूम. सात मानाचा, सात-सात ताकदीचा, आणि शेजारी दोन छोटे बॉम्ब घेऊन येणारा. ते बॉम्ब मेले की शत्रूवर एक ते चारपर्यंत कितीही मार. कार्ड न्यूट्रल होतं, म्हणजे तेव्हाच्या नऊही क्लासना (खेळाडू निवडतो त्या नायकाच्या प्रकारांना) चालणारं. दादा पहिल्यांदा हेच बघतो. एका क्लासपुरतं कार्ड बनवलं आणि तो क्लास उद्या पडला, तर कार्डही पडलं. न्यूट्रल कार्ड भाड्याच्या घरातल्या गोदरेजच्या कपाटासारखं, कुठेही न्यावं. डॉ. बूमचा संच डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि एप्रिल २०१६ मध्ये 'स्टँडर्ड' प्रकार सुरू होताच त्यातून बाहेर गेला. दादाने पंधरा महिने त्याला वापरून घेतलं. पश्चात्ताप : नाही.

संचाचं वय हा दुसरा निकष, आणि नवे खेळाडू नेमका हाच विसरतात. स्टँडर्डमध्ये साधारण दोन वर्षांचे संच चालतात आणि वसंतात जुने एकदम बाहेर पडतात. त्यामुळे एप्रिलमधल्या संचाला जवळपास दोन वर्षं मिळतात, डिसेंबरमधल्याला सोळा महिने. तेच सोळाशे, तेवढंच देखणं कार्ड, पण आयुष्य दोन-तृतीयांश. मार्च महिन्यात बाहेर जाऊ घातलेल्या संचातलं कार्ड बनवणं म्हणजे श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मासळी भरून ठेवणं.

ऑक्टोबर २०१५ ची नोंद दोन एपिकची : मिस्टीरियस चॅलेंजर, ८०० डस्ट. हे कार्ड आलं तेव्हा बहुतेकांनी नाक मुरडलं होतं. सहा माना, सहा-सहा ताकद, आणि डेकमधल्या पॅलाडिनच्या प्रत्येक प्रकारच्या 'सीक्रेट'ची एकेक प्रत थेट मैदानात. पण ती सीक्रेटं एकेकटी इतकी दुबळी की डेकमध्ये कोण घालणार? घातली गेली. सहाव्या खेपेला चॅलेंजर, सातव्या खेपेला डॉ. बूम, अशा रांगेने समोरच्याचा श्वास कोंडायचा. लोकांनी चॅलेंजरला 'डॉक्टर सिक्स' असं टोपणनावच देऊन टाकलं. दादाने पहिला आठवडा नुसता मार खाल्ला, दुसऱ्या आठवड्यात मार देणाऱ्यांचे डेक वहीत उतरवले आणि मग कार्डं बनवली. मार कुणाकडून बसतोय, याइतकं प्रामाणिक परीक्षण दुसरं मिळत नाही, असं तो म्हणतो.

'हो' लिहिलेली नोंद एप्रिल २०१७ ची आहे आणि तिच्याबद्दल बोलताना दादा अजूनही जरा ओशाळतो. द मार्श क्वीन, हंटर क्लासची क्वेस्ट. एक मानाचे सात मोहरे खेळा, मग बक्षीस म्हणून आठ-आठ ताकदीची राणी मिळणार आणि डेकमध्ये पंधरा रॅप्टर मिसळणार. वाचायला भन्नाट. प्रत्यक्षात क्वेस्टचं कार्ड सुरुवातीच्या हातातली एक जागा अडवतं, पहिली खेप तिलाच जाते, आणि ते बारके मोहरे टाकता टाकता हातातली पानं संपतात. राणी येईपर्यंत समोरच्याने घराला कुलूप लावलेलं असतं. दादाने संच आल्याच्या पहिल्या संध्याकाळी हे कार्ड बनवलं होतं.

रेनो जॅक्सनची नोंद वेगळीच आहे, कारण तिच्यासमोर डस्ट शून्य. २०१५ मधल्या साहसी मोहिमेचा पहिला टप्पा ७०० नाण्यांत उघडून पार केला की रेनो मिळायचा. डेकमध्ये एकही कार्ड दुबार नसेल तर तो खेळाडूची तब्येत पुन्हा पूर्ण भरतो. स्वस्तातला सौदा! पण तीस वेगवेगळी चांगली कार्डं जमवायची म्हणजे दुसऱ्या प्रतीच्या जागी दरवेळी नवं काहीतरी, बहुतेकदा एपिक किंवा लेजंडरी. रेनो फुकटात आला, त्याचं बिऱ्हाड महागात पडलं. तेव्हापासून कार्डाची किंमत विचारताना दादा पूर्ण डेकची किंमत विचारतो.

आणि मग विम्याचा प्रश्न. एखादं कार्ड फार डोईजड झालं की कंपनी त्याला 'नर्फ' करते, म्हणजे त्याची ताकद उतरवते. त्यानंतर दोन आठवडे ते कार्ड मोडलं तर बनवण्याची पूर्ण डस्ट परत मिळते. याचा उलटा अर्थ मजेशीर आहे : कार्ड जितकं अन्यायकारक, तितकी गुंतवणूक सुरक्षित. फेब्रुवारी २०१८ मध्ये पॅचेस द पायरेट आणि प्रीस्टचा रेझा द चेन्ड एकाच वेळी नर्फ झाले. दादाला दोन्हींचे मिळून ३,२०० परत मिळाले. पण रेझाच्या जोडीनेच चालणारा शॅडोरीपर अँडुइन, तोही लेजंडरी, नर्फच्या यादीत नव्हता. डेक मोडला, अँडुइनचे सोळाशे अडकले. विमा गाडीचा होता, आत ठेवलेल्या सामानाचा नव्हता.

शीटमधली एक ओळ पिवळ्या रंगात आहे. मार्च २०१७, गोल्डन (म्हणजे चमकत्या, दुप्पट डस्टच्या आवृत्तीतला) रॅग्नरॉस, ३,२०० डस्ट. कंपनीने आधीच सांगितलं होतं की रॅग्नरॉस स्टँडर्डमधून निघून 'हॉल ऑफ फेम'मध्ये जाणार आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांना बनवण्याइतकी डस्ट मिळणार, कार्डही त्यांच्याकडेच राहणार. दादाने गोल्डन बनवला, एप्रिलमध्ये ३,२०० आले, मग त्याने तो मोडून आणखी १,६०० मिळवले. या खेळात निव्वळ नफा झाल्याची ही त्याची एकमेव नोंद आहे.

मामेभावाने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि हुकमाचं पान काढलं. "पण दादा, आकडे बघ ना. हे कार्ड खेळलं की लोक जिंकतात." लाखो डावांची नोंद ठेवणाऱ्या एचएसरीप्लेचं पान त्याने उघडूनच ठेवलं होतं. दादाने बोट रकान्याच्या मथळ्यावर ठेवलं. तिथे तीन वेगळे दर असतात : कार्ड सुरुवातीच्या हातात ठेवलं तर, डावात केव्हाही हातात आलं तर, आणि प्रत्यक्ष खेळलं तर. पोरगं तिसरा बघत होतं. नऊ मानाचं कार्ड खेळायला आधी नवव्या खेपेपर्यंत जगावं लागतं, आणि जो तिथवर तगला तो बऱ्याचदा जिंकतच आलेला असतो. ज्यांच्या हातात ते कार्ड पडून राहिलं आणि जे पाचव्या खेपेलाच मेले, ते या रकान्यात दिसतच नाहीत. दादाने मधला रकाना दाखवला. तिथे ते कार्ड डेकच्या सरासरीच्याही खाली होतं.

"मग हे सगळे प्रो लोक का घेतात?"

त्यांचं गणित निराळं. स्पर्धेत एका डेकवर भागत नाही, वेगवेगळ्या क्लासचे तीन-चार डेक न्यावे लागतात. भूजच्या तीर्थ मेहताने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत, ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक प्रकार असताना, याच खेळात भारतासाठी कांस्य आणलं. त्या पातळीवर सगळी कार्डं हाताशी लागतात. घरी बसून रात्री चार डाव खेळणाऱ्याला एक चांगला डेक पुरतो, आणि त्यातही सुरुवात फुकटातून होते. २०२१ पासून कोअर संच सगळ्यांना मोफत मिळतो, पहिल्या वर्षी त्यात २३५ कार्डं होती. दादाच्या मते नव्या माणसाने आधी तीच झिजवावीत.

एवढं होऊनही पोराने 'बनवा' दाबलंच. कार्ड लखलखून पुढे आलं, डस्ट ४० वर उतरली. पण हार्थस्टोनमध्ये कार्डाची ती खिडकी उघडी असेपर्यंत बनवलेलं उलटवता येतं. खिडकी मिटली की संपलं. दादाने काही न बोलता त्या बटणाकडे मान हलवली. पोरगं अर्धा मिनिट कार्डाकडे बघत राहिलं, मग त्याने बटण दाबलं. पुन्हा १,६४०.

चहा होईपर्यंत दोघांनी गेल्या आठवड्यातले त्याचे हरलेले डाव काढले. समोरच्यांच्या डेकमध्ये एकच न्यूट्रल एपिक वारंवार दिसत होतं, त्याच्याकडे त्याची एकही प्रत नव्हती. दोन प्रती बनवल्या, ८०० गेले, ८४० शिल्लक राहिले. दादाने शीटमध्ये मामेभावाच्या नावाचं नवं पान उघडलं, तारीख टाकली, डस्ट टाकली. पश्चात्तापाचा रकाना सध्या कोरा आहे.