आषाढातल्या रानभाज्या आणि दोन ताटं (लेखांक ६)

शेवळं पहिल्या पावसासोबत, कधी त्याच्याही आधी, जमिनीतून वर येतात. हा सुरणाच्या जातीतल्या एका रानकंदाचा फुलोरा. पान नंतर फुटतं. खुडून आणलेल्या शेवळाचं वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात परतायचं आणि त्यात काकडाची आंबट फळं घालायची. हे केलं नाही तर घसा खाजतो, कारण कंदवर्गातल्या या वनस्पतीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जपलेलं हे ज्ञान आहे, आणि त्याची योग्य ती कदर अजून झालेली नाही.

शेवळांमागून टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी येतात आणि पुढे करटोली. टाकळा फुलावर येण्याआधी कोवळा असतानाच खुडायचा. भारंगी कडू, म्हणून पानं उकडून पाणी पिळून टाकायचं. जव्हार, मोखाडा, शहापूर, अकोले या पट्ट्यातल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांत जून ते ऑगस्ट या भाज्यांवरच कोरड्यास निघतं.

मात्र हेच दिवस उपासमारीचेही असतात. गेल्या कार्तिकात घरात आलेली नागली (नाचणी) आषाढापर्यंत संपते. रोजगार हमीची मातीकामं पावसात थांबतात. भाताच्या लावणीसाठी बाया दिवसभर चिखलात वाकून असतात, म्हणजे शरीराची गरज वाढलेली आणि कणगी रिकामी. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या ज्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला, ते याच भागातले.

हिरवा पाला लोह, कॅल्शियम आणि कॅरोटिन देतो, पण पोट भरण्याइतकी ऊर्जा देत नाही. शंभर ग्रॅम पालेभाजीतून जेमतेम ३० ते ५० कॅलरी मिळतात. कॅरोटिन अंगी लागायला सोबत तेल लागतं, आणि पाल्यातलं लोह नीट शोषलं जायला लिंबू, आवळा, चिंच असं काहीतरी आंबट. मुंबई-पुण्याच्या घरात टाकळा शिजतो तो खोबरं, डाळ, सढळ तेल घालून, आणि शेजारी आमटी, दही असतंच. पाड्यावर तोच टाकळा मीठ-मिरची आणि चमचाभर तेलावर भागवला जातो. भाजी एकच, पण पोषण वेगळं. शाकाहार एका घरी आवडीने निवडलेला असतो, दुसरीकडे दुसरं काही परवडत नाही म्हणून आलेला. या दोन्हींना एकच नाव देऊन ‘साधं, सात्त्विक जेवण’ म्हणून गौरवणं हा अन्याय आहे.

त्यात रानभाजीचा बराच वाटा घरात शिजतच नाही. पहाटेची गाडी धरून बाया जुड्या घेऊन ठाणे-दादरच्या बाजारात बसतात आणि मिळालेल्या पैशात तेल, मीठ, कांदे घेऊन परततात. रेशनवर अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. त्याचा आधार फार मोठा आहे. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. ताटात नागलीच्या जागी तांदूळ आला की पोट भरतं, पण हाडांच्या वाट्याचं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ही राज्याची सरासरी झाली.

पोषणातली उणीव भरून काढण्याचं एक साधन याच शेतांत आहे, ते म्हणजे वाल. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो, पाणी द्यावं लागत नाही, आणि राख चोळून ठेवला तर पावसाळ्यापर्यंत टिकतो. वालाचं बिरडं आणि रानभाजी एका ताटात आली की प्रथिनांची बाजू सावरते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याची अनेक गावठी वाणं जपली. २०२० च्या पद्मश्रीत त्यांचं नाव होतं. पण अडचण बियाण्यापाशी संपत नाही. वाल पेरायच्या सुमारास, दिवाळी उरकताच, अनेक कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर निघतात. घराला कुलूप लागतं, ओल उडून जाते, आणि होळीनंतर माणसं परततात तेव्हा पुढच्या आषाढासाठी वालाचं मडकं रिकामंच असतं.