झडतीचें काम आणि देयकाचें काम

मॉल वा कचेरीच्या दारावर झडती घेणें आणि रुग्णालयांत विम्याचें देयक मंजूर करून आणणें, हीं दोन कामें नोकरी शोधणाऱ्या तरुणांस सहसा आठवत नाहींत.

पहिल्यास २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा लागू आहे. उमेदवाराचें वय १८ पूर्ण व ६५ च्या आंत असावें आणि चारित्र्याची पडताळणी झालेली असावी. २००६ च्या आदर्श नियमांत १०० तास वर्गांतील व ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलें होतें. मोठ्या विमानतळांवर मात्र प्रवाशांची झडती बहुतेक ठिकाणीं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल घेतें, व त्याची भरती सरकारी परीक्षेनें होते. पैसे घेऊन ती जागा देऊं म्हणणारा ठकच समजावा.

दुसऱ्या कामांत रुग्णाचीं कागदपत्रें विमा कंपनीकडे धाडून खर्चाची मंजुरी मिळवावयाची असते. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणें कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर एका तासांत व घरीं सोडतांना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हावा लागतो. एक कागद राहिला, तर बरा झालेला रोगीहि खाटेवर अडकतो.

दोन्ही कामांत नजर कडक व वाणी मृदु हवी. कारण समोरचा मनुष्य बहुधा निर्दोष आणि काळजींत असतो.