सोलापूरच्या गिरणी वस्त्या : एक पुनर्भेट

प्रस्तावना

औद्योगिक शहराचा ऱ्हास म्हणजे तेथील उद्योगाचा शेवट, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. सोलापूरच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे ठरते. ज्या शहरात बालपण गेले, त्याच्या पेठांतून अनेक वर्षांनी फिरताना प्रस्तुत लेखकास जाणवले ते असे की, गिरण्या गेल्या. विणकाम मात्र गेले नाही. त्याची जागा बदलली. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचे विवेचन येथे केले आहे.

गिरणी, वस्ती आणि न्यायालय

1860 मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली व 1877 मध्ये शहरातील पहिली कापड गिरणी उभी राहिली. हीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. नंतर नरसिंग गिरजी, विष्णू व लक्ष्मी या गिरण्यांची भर पडली. दुष्काळी मुलखातील शेतमजूर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्या श्रमावर हे शहर वाढले. गिरणीचा भोंगा केवळ पाळीची वेळ सांगत नसे. चूल पेटवणे, पाणी भरणे, डबा पोहोचवणे हे सर्व त्याच्या आवाजाशी बांधलेले होते.

जुन्या मिलचे नाव राज्यघटनेच्या अभ्यासकांना परिचित आहे. 1949 मध्ये गिरणी बंद झाल्यावर जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकमाद्वारे तिचे व्यवस्थापन हाती घेतले. चिरंजितलाल चौधरी प्रकरणात (1950) सर्वोच्च न्यायालयाने हा हस्तक्षेप ग्राह्य मानला. द्वारकादास श्रीनिवास प्रकरणात (1953) मात्र तो नुकसानभरपाईविना मालमत्ता हिरावणारा असल्याने अवैध ठरवला. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीला या निर्णयाची पार्श्वभूमी होती. तथापि, वादाचा केंद्रबिंदू भागधारकाची मालमत्ता हा होता. गिरणीच्या आधारे वस्ती उभारणाऱ्या कामगाराला त्या तराजूत स्वतंत्र पारडे नव्हते.

गिरणीकडून गल्लीकडे

जुनी यंत्रे आणि यंत्रमागाची स्वस्त स्पर्धा यांपुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक थंडावल्या. शहराच्या पूर्व भागात मात्र हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि जेकार्ड चादर व टेरी टॉवेल ही सोलापूरची ओळख बनली. आज पूर्व भागातील गल्लीत शिरताच मागांचा खडखडाट ऐकू येतो. मोठ्या दरवाजाआडचे काम लहान शेडमध्ये आले. पण त्याबरोबर हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी आणि एका आवारात एकत्र येण्याची शक्ती आली नाही. हजारो कामगारांचा एक मालक असताना संप शक्य होता; चार-सहा मागांच्या शेडमध्ये तो अवघड ठरतो.

उंबऱ्यातील कारखाना

या स्थित्यंतराचा भार स्त्रियांनी सर्वाधिक उचलला. पुरुषांचे उत्पन्न अनिश्चित झाल्यावर अनेक घरे विडीवर तगली. तेंदूपान व तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजारी हिशेबाने. जागा, उजेड आणि नाकारल्या गेलेल्या विड्यांचे नुकसान हा सारा खर्च कामगार स्त्रीचाच. तंबाखूची धूळ लेकरांच्या अंथरुणापर्यंत पोहोचते, हे वेगळे सांगावयास नको.

याच स्त्रियांनी शहराला नवी वस्तीही दिली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार स्त्रियांसाठी 10,000 घरे उभी राहिली. रे नगर या 30,000 घरांच्या प्रकल्पातील 15,000 घरांचे वाटप जानेवारी 2024 मध्ये झाले. एका आवारातील संघटन हरवले असता, छपराच्या मागणीने ते पुन्हा बांधले गेले.

निष्कर्ष

गिरणीची चिमणी हा वारसा मानून जतन करणे योग्यच. परंतु वस्तीचा इतिहास तेवढ्यावर थांबत नाही. बंद गिरण्यांचा अभ्यास करताना काम कोठे गेले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सोलापुरात त्याचे उत्तर घराच्या उंबऱ्यात सापडते. म्हणून औद्योगिक ऱ्हासाच्या संशोधनात घर हेच कार्यस्थळ मानणे आवश्यक आहे.