आधी वजन, मग चहा

आमच्या हृदयरोग वॉर्डात पहाटेचं पहिलं काम वजनाचं. लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, रोज त्याच काट्यावर. नातेवाइकांची नजर मॉनिटरच्या रेघेवर असते. रेघ जरा हलली की 'सिस्टर, सिस्टर' करत धावत येतात. हार्ट फेल्युअरचा पेशंट बिघडतोय हे मात्र बऱ्याचदा मला काट्यावर आधी कळतं.

हार्ट फेल्युअर झालं म्हणजे हृदय बंद पडलं, अशी समजूत फार. खरं तर त्याची ताकद कमी पडते. मूत्रपिंडांकडे रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत उतरतं, फुप्फुसांत साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते जेवणाने वाढलेले नसतात. तेव्हाच डॉक्टरांना कळवायचं, धाप लागेपर्यंत थांबायचं नाही.

'मामा, रात्री उशा किती घेता?' हेही मी रोज विचारते. एकीच्या तीन झाल्या, तर आडवं पडल्यावर दम लागतोय. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खळगा राहिला, की सूज. अंथरुणातच असलेल्या आजींचे पाय मात्र ठीक दिसतात, सूज कमरेखाली माकडहाडाशी असते. घरचे पाय बघून निर्धास्त!

खरं भांडण मिठाशी. 'भाजीत कमी केलंय हो,' सून सांगते, आणि डब्यात पापड-लोणचं. दिवसाचं मीठ सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार, त्यातही सोडियमच. सैंधवाचंही तेच. 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचं, तेव्हा विचारल्याशिवाय आणू नका. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा अंगात पाणी धरते. हे कुणी आपणहून सांगतच नाही, खोदून विचारावं लागतं.

लघवीची गोळी शक्यतो सकाळी, नाहीतर रात्रभर उठबस आणि अंधारात पडायची भीती.

घरी सोडताना वही करायला सांगते: तारीख, वजन, बस्स. काटा नसेल तर गिरणीतला चालेल, फक्त दळणाची गर्दी व्हायच्या आत जा.