जुना स्कॅनर आणि नवा संगणक : एका खंडित संवादाची मीमांसा

भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी सर्वश्रुत आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग येथील व्यावसायिकांनी विकत घेतले. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर मुंबईतील पुष्कळसे विणकाम या शहराकडे वळले. एके ठिकाणी त्याज्य ठरलेले यंत्र दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षे कापड विणीत राहिले. हे शक्य झाले याचे एक कारण असे की, मागाचा त्याच्या परिसराशी असलेला संबंध डोळ्यांना दिसणारा असतो. पट्टा तुटला तर तो तुटलेला दिसतो, मोटर जळाली तर ती बदलता येते, आणि दोष नेमका कोठे आहे हे जॉबर क्षणात सांगतो.

स्कॅनरचे तसे नाही. कापडाचा नमुना काचेवर ठेवून त्याची नक्षी संगणकावर घेणे ही वस्त्रव्यवसायात आता परिचित झालेली रीत आहे. ग्रंथालयांत व भाषाविभागांत जीर्ण ग्रंथांच्या प्रतिमा घेण्याकरिता हेच यंत्र लागते. परंतु संगणक बदलला की कालपर्यंत उत्तम चालणारा स्कॅनर एकाएकी मुका होतो. त्याचा दिवा लागतो, आतील गाडी सरकते, आणि तरीही संगणक त्याला ओळखीत नाही. अशा वेळी 'यंत्र बिघडले' हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. बिघडलेला असतो तो दोन यंत्रांमधील संवाद. हा संवाद कोणत्या थरावर खंडित झाला आहे हे ओळखण्याची रीत स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जुने यंत्र राखण्याचे प्रयोजन

जुना स्कॅनर राखावाच कशाला, असा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. त्याचे उत्तर केवळ काटकसरीत नाही. पूर्वीच्या बहुतेक सपाट काचेच्या स्कॅनरांत आरसे, भिंग आणि सीसीडी नावाचा प्रकाशसंवेदक असे. या रचनेत काचेपासून किंचित उचललेला भागही पुरेसा स्पष्ट उमटतो. आजच्या अनेक स्वस्त व सडपातळ स्कॅनरांत सीआयएस ही संवेदकांची पट्टी काचेला जवळजवळ लागून फिरते. पृष्ठ काचेपासून थोडेसे दूर गेले की प्रतिमा धूसर होते. सुट्या कागदाला हा फरक जाणवत नाही. परंतु जाड बांधणीच्या ग्रंथात शिवणीजवळच्या ओळी काचेला टेकत नाहीत, आणि तेथील काना, मात्रा व अनुस्वार पुसट झाले म्हणजे संशोधकाच्या दृष्टीने ते पृष्ठ निरुपयोगी ठरते. जाड विणीच्या कापडाचीही हीच गत होते.

जुन्या यंत्राचा वेग कमी असतो हे खरे. पण तो अडसर नव्हे. ए-४ आकाराचे पृष्ठ प्रतिइंच ३०० ठिपक्यांनी घेतल्यास सुमारे ८७ लाख ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एकूण माहिती सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट भरते. सेकंदास १ कोटी २० लाख बिट वाहणाऱ्या जुन्या यूएसबी मार्गाने ती नेण्यास तत्त्वतः साडेसतरा सेकंद पुरतात. व्यवहारात काहीसा अधिक वेळ लागतो. मुद्रित मजकुराची अक्षरओळख करण्यास ३०० ठिपक्यांची प्रतिमा सामान्यतः पुरेशी असते.

२. पहिला थर : जोडणीचा मार्ग

स्कॅनर व संगणक यांच्या संबंधाचे तीन थर कल्पिता येतात : ज्यावरून माहिती वाहते तो मार्ग, त्या माहितीचे संकेत, आणि त्या संकेतांचा अर्थ लावणारा मध्यस्थ.

मार्गाचे प्रमुख प्रकार तीन आहेत. पहिला स्कझी, ज्याचा अमेरिकी मानक १९८६ साली प्रसिद्ध झाला. यात एकाच साखळीवर अनेक उपकरणे बसतात. प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो व साखळीच्या दोन्ही टोकांस टर्मिनेटर लावावा लागतो. संगणकाआधी स्कॅनर सुरू करणे हाही येथील नित्याचा नियम होय. तो न पाळल्यास धडधाकट स्कॅनरही सापडत नाही. दुसरा प्रकार पॅरलल पोर्ट, म्हणजे मुद्रणयंत्र ज्यास जोडले जाई ते रुंद दार. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल वायर विकत घेतली की काम होईल असे अनेकांना वाटते. परंतु ती वायर सामान्यतः मुद्रणयंत्राकरिताच बनविलेली असते. स्कॅनरचा जुना ड्रायव्हर पोर्टच्या ज्या ठरावीक पत्त्यावर थेट बोलू पाहतो, तो पत्ता ती वायर उपलब्ध करून देत नाही. खाच जुळते, पण संभाषण होत नाही.

तिसरा प्रकार यूएसबी. १९९६ साली आलेल्या या मानकाने मागील पिढ्यांशी सुसंगती राखली आहे. म्हणून यूएसबीचा जुना स्कॅनर नव्या संगणकास जोडता येतो. नव्या वेगवान दारावर तो अडखळत असेल, तर मध्ये यूएसबी २.० चा हब ठेवल्याने पुष्कळदा काम भागते.

३. दुसरा व तिसरा थर : संकेत आणि दुभाषी

जोडणी झाली तरी पुढे भाषेचा प्रश्न उरतो. 'गाडी सरकव', 'दिवा लाव', 'या चौकटीतील ठिपके पाठव' या आज्ञा प्रत्येक निर्मात्याने आपापल्या संकेतांत बांधल्या. वापरातील प्रणालीला ते संकेत अवगत नसतात; म्हणून 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली लागते. हा शब्द भिवंडीत ट्रकच्या चालकाचे स्मरण करून देतो. पण येथील कार्य दुभाष्याचे आहे. मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा ज्या शहरात रोज एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात, तेथे दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

अनुप्रयोग व ड्रायव्हर यांच्यात समान करार असावा म्हणून १९९२ साली ट्वेन हा मानक प्रसिद्ध झाला. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांच्या पूर्व-पश्चिमेच्या भेटीविषयीच्या कवितेत 'दोघे' या अर्थाचा जो जुना इंग्रजी शब्द येतो, त्यावरून हे नाव घेतले गेले. स्कॅनर व संगणक या दोघांची गाठ घालणे तेव्हा किती कठीण वाटत होते, याची खूण त्या नावात राहिली आहे.

खरी अडचण बहुधा येथेच उद्भवते. जुने ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले होते. ६४-बिट विंडोजच्या गाभ्यात ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. शिवाय व्हिस्टापासून ६४-बिट आवृत्त्यांत गाभ्यातील ड्रायव्हरवर अधिकृत स्वाक्षरी आवश्यक झाली. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. निर्मात्याने नवा ड्रायव्हर लिहिला नाही की दुभाषी संपतो, आणि यंत्र निर्दोष असूनही मुके होते.

४. उपाययोजना

प्रथम रोगनिदान. यूएसबी उपकरण जोडताच ते आपला निर्माता-क्रमांक व वस्तू-क्रमांक कळविते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे क्रमांक दिसत असतील तर मार्ग शाबूत आहे आणि उणीव दुभाष्याची आहे, असे समजावे. काहीच दिसत नसेल तर वायर, वीजपुरवठा आणि प्रवासकाळात गाडी जखडून ठेवणारी खालची कळ या गोष्टी आधी तपासाव्यात. ही कळ न सोडल्यामुळे 'बिघडलेले' ठरणारे स्कॅनर थोडे नाहीत.

दुभाष्याची उणीव तीन प्रकारे भरून निघते. एक, अन्य कोणी लिहिलेला दुभाषी वापरणे. लिनक्सवरील सेन या मुक्त योजनेत जुन्या अनेक स्कॅनरांचे संकेत उलगडून नव्याने ड्रायव्हर लिहिले गेले आहेत. कोणता स्कॅनर चालतो याची यादी वरील क्रमांकांसह उपलब्ध असते. काही स्कॅनरांना प्रत्येक वेळी एक फर्मवेअर फाइल बाहेरून पुरवावी लागते. ती मूळ विंडोज-तबकडीत असते, म्हणून ती तबकडी टाकून देऊ नये. विकत मिळणारा व्ह्यूस्कॅन हा अनुप्रयोगही पुष्कळ यंत्रांशी स्वतःच्या ज्ञानाने बोलतो. दोन, नव्या संगणकाच्या आत आभासी संगणक उभा करून त्यात जुनी ३२-बिट प्रणाली बसविणे आणि यूएसबी उपकरण तिच्या स्वाधीन करणे. पॅरलल पोर्टच्या स्कॅनरांना मात्र या मार्गाचा सहसा उपयोग नाही. तीन, एक जुना संगणक केवळ स्कॅनरकरिता राखून ठेवणे. स्कझी व पॅरलल पोर्टसाठी हाच उपाय सर्वांत भरवशाचा. मात्र विंडोज एक्सपीचे संरक्षण एप्रिल २०१४ मध्ये संपले असल्याने तसा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा आणि प्रतिमा अन्य साधनाने न्याव्यात.

५. समारोप

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, यंत्राचे आयुष्य त्याच्या काचेवर व गाडीवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या संकेतांची नोंद कोणापाशी आहे यावरही असते. विणकाराने मागाची रचना पाहून शिकून घेतली. स्कॅनरची भाषा मात्र निर्मात्याने स्वतःपाशी ठेवली, आणि तो उदासीन होताच उपकरणे भंगारात गेली. त्यांतील जुन्या नळीदिव्यांत पारा असतो, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून विभागांनी व ग्रंथालयांनी नवे यंत्र घेताना ते मुक्त ड्रायव्हरवर चालते काय हे विचारावे. जुन्या यंत्राबरोबर त्याची तबकडी, वायर व क्रमांक यांची नोंद जडसंग्रह-वहीत करावी, आणि प्रतिमा टिफसारख्या सर्वपरिचित स्वरूपात साठवाव्यात. पुढील पिढीच्या अभ्यासकास शिवणीजवळची ती एक ओळ वाचता येईल किंवा नाही, हे पुष्कळदा या नोंदीवरच अवलंबून राहील.