भेरूगढची वेल

उज्जैनमधल्या भेरूगढच्या कारखान्यात मेण तापत होतं. कारागिरानं कुंचला बुडवला, पांढऱ्या सुती कापडावर एक वेल ओढली, मेण थिजायच्या आत दुसरी. मग कापड थंड रंगात. गरम रंगात मेण वितळेल. हाताळताना मेणाला तडे जातात, त्यांत रंग शिरतो आणि बाटिकची ती रेघांची जाळी उमटते. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं.

वेल माझ्या भाचीनं काढलेली. “मामा, हिचं पेटंट घ्यायचंय,” म्हणाली. माझी वकिली आयुष्यभर दिवाणी दाव्यांची, पण घरचं काम म्हणून कायदा उघडून बसलो.

पेटंट हा शब्द पहिल्याच पानावर गळाला. अमेरिकेत नक्षीला ‘डिझाइन पेटंट’ मिळतं. आपल्याकडे २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते, आधी दहा वर्षं, मग वाढवून आणखी पाच. अट अशी, की नक्षी वस्तूवर उतरलेली असावी आणि ती फक्त डोळ्यांनी जोखता यावी. मला धास्ती होती ‘औद्योगिक प्रक्रिया’ या शब्दांची. कुंचल्याला उद्योग कोण म्हणणार? पण व्याख्येत हातानं केलेलं कामही सरळ धरलंय. कारागिराला सांगितलं तेव्हा तो हसला. त्याला यात नवल काय ते कळेना.

उज्जैनच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते गावाच्या कारागिरीचं. एका वेलीची राखण ते करत नाही. कॉपीराइटही अपुरा: नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक प्रक्रियेनं पन्नासाहून अधिक नग निघाले, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात रितिका कंपनी ‘बीबा’विरुद्ध नेमकी याच मुद्द्यावर हरली. पन्नास साड्या म्हणजे एका सणाची विक्री!

“कुणाला दाखवलीस का?”

“फक्त इन्स्टाग्रामवर टाकली. दीड महिना झाला.”

मी पेन खाली ठेवलं. अर्जाआधी जगात कुठंही, छापून वा वापरून, उघड झालेली नक्षी नवी राहत नाही. सवलत आहे ती प्रदर्शनाची, तीही आधी डिझाइन नियंत्रकाला कळवलं असेल आणि सहा महिन्यांत अर्ज केला असेल तर. कापडाच्या धंद्यात आधी गिऱ्हाईक पाहतं, मग माल बनतो. कायद्याची चाल नेमकी उलटी. भाची दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं नवी वेल आणली, पानांऐवजी घाटाच्या पायऱ्या. जुनीच थोडी वळवून चाललं नसतं. ज्ञात नक्षीहून ठळक वेगळेपण लागतं. अर्ज कोलकात्याच्या कार्यालयासाठी, व्यक्तीला शुल्क हजार रुपये. वर्ग ०५-०५, कापड. निवेदनात लिहिलं: नावीन्य पृष्ठभागावरच्या नक्षीत आहे, रंगावर हक्क नाही.

तड्यांचं काय करायचं? ते प्रत्येक कापडावर वेगळे पडतात. कारागिराला विचारलं. “ते मेणाचे,” तो म्हणाला. मग चित्रात तडे नसलेली वेलच दिली.

पहिली साडी दोरीवर वाळत होती. भाचीनं सवयीनं फोन काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत पिशवीत टाकला.