पाठीवरची बॅग आणि तीन देशांचा हिशेब

लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटलेली पवन एक्सप्रेस कल्याण सोडते आणि काही मिनिटांतच शहाड स्टेशनातून न थांबता धडधडत पुढे जाते. फलाटावर टिटवाळा किंवा कसारा लोकलची वाट बघणाऱ्यांना ती उत्तरेकडे निघालेली आणखी एक भरगच्च गाडी वाटते. पण तिचं शेवटचं स्टेशन आहे बिहारमधलं जयनगर, आणि तिथून नेपाळची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर आहे. सीमेपलीकडच्या जनकपूरकडे जाणारी जुनी नॅरोगेज रेल्वे २०१४ साली बंद पडली होती. तिच्या जागी ब्रॉडगेज टाकून २ एप्रिल २०२२ रोजी ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे शहाडच्या माणसानं एक स्टेशन मागे कल्याणला जाऊन गाडी पकडली, तर विमानाचं तोंडही न बघता तो दोन गाड्यांत परदेशात पोचतो.

परदेश प्रवास म्हटला की बँकॉक, सिंगापूर, दुबई आणि चार दिवसांचं पॅकेज, असं चित्र आपल्याकडे घट्ट बसलं आहे. महिना-सव्वा महिन्याची सवड काढून, पाठीवर एकच बॅग घेऊन शेजारचे दोन-तीन देश जमिनीवरून पाहणं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नोकरदार तरुणांनाही जमू शकतं. त्यासाठी लागतो तो हिशेब, आणि तो किलोमीटरचा नसतो. असा प्रवास महाग होतो किंवा स्वस्त, तो दिवसांमुळे.

समजा शहाडच्या दोन मैत्रिणींनी नेपाळ, भूतान आणि श्रीलंका असा बेत आखला. नेपाळमध्ये जेवण, साधी खोली आणि बस मिळून माणशी रोजचे दीड हजार धरले आणि वीस दिवस ठरवले, तर तीस हजार होतात. भूतानमध्ये सहा रात्री काढायच्या आणि रोजचे अडीच हजार धरायचे. इथे मात्र आणखी एक रक्कम मिळवावी लागते. २३ सप्टेंबर २०२२ पासून भूतान भारतीय पर्यटकांकडून माणशी, दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क म्हणून घेतो. त्याआधी भारतीयांना ते नव्हतं. म्हणजे एका रात्रीचे ३,७०० आणि सहा रात्रींचे २२,२०० रुपये. श्रीलंकेत बारा दिवस, रोजचे अडीच हजार धरून तीस हजार. बेरीज झाली ८२,२००. रोजच्या खर्चाचे आकडे ज्यानं त्यानं आपल्या सवयीप्रमाणे बदलावेत, पण गणित कसं वागतं ते पाहण्यासारखं आहे. अडतीस दिवसांपैकी भूतानचे फक्त सहा, तरी एकूण रकमेतला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा ते खातात. भूतानमधली एक रात्र वाढवली, तर तेवढ्यात नेपाळमध्ये जवळपास अडीच दिवस निघाले असते.

दोघींनी जाण्यात खोलीचं भाडं वाटलं जातं, टॅक्सीही वाटली जाते. हे शुल्क मात्र वाटलं जात नाही, ते डोक्यामागे आहे. मित्रमंडळी वाढली की खर्च आपोआप उतरेल, हा आपला नेहमीचा अंदाज म्हणूनच भूतानच्या हद्दीत चुकतो. या शुल्काबद्दल कुरकुर बरीच होते. पण सव्वा महिन्याच्या प्रवासात भूतानचे दिवस मोजून ठेवले, थिंफू आणि पारो नीट पाहिले आणि पुढे निघालं, तर पैसे सार्थकी लागतात. तिथे नुसतं लोळत पडायला जाऊ नये. त्यासाठी नेपाळात पोखऱ्याचा तलाव आहे.

कागदपत्रांचा खर्च बहुतेकजण विसरतात. नेपाळ आणि भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही, भूतानला प्रवेशपरवाना घ्यावा लागतो. दोन्हीकडे पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. आपल्याकडे सगळीकडे आधार कार्ड पुढे करायची सवय लागली आहे, पण या सरहद्दींवर एकट्या आधारच्या भरवशावर प्रौढ माणसानं जाऊ नये. श्रीलंकेला पासपोर्ट हवाच. त्याची नेहमीची फी छत्तीस पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. चार महिने आधी अर्ज केला तर हे दोन हजार वाचतात, आणि तेवढ्यात नेपाळमधला एक दिवस आरामात निघतो.

पैसा कुठल्या रूपात न्यायचा, हाही विचार निघण्याआधीच करायचा. नेपाळ-भूतानला जाण्यासाठी आपल्या बँका परकी चलन देतच नाहीत, कारण त्याची गरज पडत नाही. भूतानचं ङुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीनं चालतं. नेपाळमध्ये भारताच्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदारानं सांगितलेला भाव भारतीय की नेपाळी रुपयांत, हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. नेपाळमध्ये शंभराच्या नोटांची गड्डी सगळ्यात बिनघोर. यूपीआयनं २०२१ साली भूतान, २०२४ साली नेपाळ आणि श्रीलंका गाठलं, त्यामुळे शहरांत क्यूआर कोडवर काम भागतं. डोंगरातल्या गावात वीज गेली आणि नेटवर्क पडलं की खिशातली नोटच उपयोगी येते.

लांबच्या वाटेवर पैसे सांभाळण्याची धास्ती मराठी माणसाला जुनीच आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात, बहुतेक पायी. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि झाशीत इंग्रज सैनिकांनी त्यांना लुटलं. अखेर ते गंगेची कावड घेऊन घरी परतले, पण ज्यासाठी निघाले होते ती कमाई काही हाती राहिली नाही. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आलं. सुदैवानं आजचा प्रवासी तसल्या धामधुमीत सापडत नाही, पण सगळी रक्कम एका कमरेला बांधू नये हे तेव्हाइतकंच खरं आहे. थोडी बॅगेच्या तळाशी, थोडी अंगावर, कार्ड तिसरीकडे आणि कागदांच्या प्रती घरच्यांच्या फोनवर.

जनकपूरला पोचल्यावर घाई करू नये. तिथलं जानकी मंदिर बुंदेलखंडातल्या टिकमगढच्या राणीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलं. त्याला नऊ लाख खर्च आला म्हणून लोक त्याला नौलखा म्हणतात. पुढे काठमांडूकडे जाणारा जवळचा रस्ता म्हणजे बर्दीबासहून सिंधुलीमार्गे धुलिखेलला चढणारा बीपी महामार्ग. जपानच्या मदतीनं बांधलेला, दीडशेहून जास्त किलोमीटरचा, वळणावळणांचा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत रोशी नदीनं हाच रस्ता ठिकठिकाणी खरवडून नेला आणि वाहतूक ठप्प झाली. त्या आठवड्यात ज्यांची पुढची तिकिटं पक्की होती, त्यांचा सगळा बेत एका नदीनं मोडला.

अशा प्रवासात म्हणूनच पैशाइतकेच दिवसही शिलकीत ठेवावे लागतात. अडतीस दिवसांच्या बेतात चार-पाच दिवस कुठल्याच गावाच्या नावे लिहू नयेत. मूळ रकमेच्या पंधरा टक्के वेगळे काढले, तर वरच्या हिशेबात साधारण १२,३०० रुपये होतात. त्यांना आजारपण किंवा बंद रस्ता याखेरीज हात लावायचा नाही. रेल्वेचं आरक्षणही लक्षात ठेवावं. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिकीट साठ दिवसच आधी काढता येतं, पूर्वी एकशे वीस दिवस मिळत. परतीची गाडी कोणत्या तारखेला खुली होते, हे डायरीत आधीच टिपून ठेवावं.

बॅगेबद्दल एक गोष्ट खास या पट्ट्यातल्या वाचकांसाठी. उल्हासनगर जीन्ससाठी देशभर ओळखलं जातं आणि घराघरांत त्या असतातच, पण या प्रवासाला जीन्स नकोच. भिजली की जड होते आणि डोंगरातल्या थंडीत दोन-दोन दिवस वाळत नाही. सिंथेटिक कापडाच्या दोन पँट, तीन शर्ट, एक उबदार जाकीट आणि एक रेनकोट. बॅग सातआठ किलोंत बसली पाहिजे. घराच्या जिन्यावरून चार वेळा चढउतार करून पाहिली की काय काढायचं ते खांदेच सांगतात.

काठमांडू-पोखरा झाल्यावर अन्नपूर्णेच्या वाटेवर चालायचं असेल, तर संरक्षित क्षेत्राच्या परवान्यासाठी सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये पडतात. इतर परदेशी माणसाला ३,००० पडतात, म्हणजे शेजारी असण्याचा फायदा रोख स्वरूपात मिळतो. नंतर पूर्वेला काकडभिट्टा गाठायचं, मेची नदीवरचा पूल ओलांडून पानीटंकीला भारतात यायचं, सिलिगुडीहून हाशीमाऱ्याकडे जाऊन जयगावला उतरायचं. जयगावच्या पलीकडे भूतानचं फुन्शोलिंग आहे. घड्याळं दोन्हीकडे बदलतात. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे आणि भूतान अर्धा तास, त्यामुळे सकाळच्या पहिल्या बसची वेळ कोणत्या घड्याळात सांगितली आहे ते विचारावं.

श्रीलंका मात्र याच फेरीत उरकायचा मोह टाळलेला बरा. नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुराईला जाणारी प्रवासी बोट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली, आणि ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर आठवडाभरातच थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. नेपाळ-भूतानसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पण नेमके तेच महिने तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पावसाचे आणि वादळांचे. तेव्हा थंडीपूर्वी हिमालय, मग घरी परतून दीड-दोन महिने नोकरी, आणि फेब्रुवारीत समुद्र, असे दोन तुकडे करणं शहाणपणाचं. रजाही विभागली जाते.

त्या दुसऱ्या तुकड्यासाठी कल्याणहून आठवड्यातून एकदा कारैकलला जाणारी गाडी आहे. ती तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम करत पुढे जाते. हवामान बिघडलं आणि बोट सुटली नाही, तर शिलकीचे दिवस नागपट्टिणमच्या लॉजमध्ये न घालवता तंजावरात काढावेत. तिथे सरस्वती महाल ग्रंथालय आहे, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे. तो मोडी नव्हे, देवनागरी लिपीत आहे, त्यामुळे दगडापुढे उभं राहून शब्द जुळवत वाचता येतो. त्यासाठी निम्मा दिवस तरी हाताशी ठेवावा.